दिवंगत सभासदांची यादी, शोकप्रस्ताव आणि दोन मिनिटं: संस्थेच्या सभेत श्रद्धांजली वाहण्याची रीत

गृहनिर्माण सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, गावचं वाचनालय, कुठल्याही वार्षिक सभेत पहिला विषय हाच असतो आणि सगळ्यांत कमी तयारीनं उरकला जातो तोही हाच. सभेच्या सकाळी सचिव कुणाला तरी विचारतात, “यंदा कोण कोण गेलं हो?” मग आठवतील ती नावं पाठकोऱ्या कागदावर उतरतात. एखादं राहतं, एखादं चुकतं, आणि ज्याचं राहतं त्याचा मुलगा नेमका तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. पुढचे टप्पे या चुका टाळण्यासाठी आहेत. क्रम मोडू नका, कारण सभेच्या दिवशी दिसणारी बहुतेक चूक आधीच्या एखाद्या टप्प्यात झालेली असते.

## टप्पा १: वर्षभराची नोंदवही

दोनशे पानी साधी वही पुरते. ती एकाच माणसाकडे ठेवा. शक्यतो सचिवांकडे नको, त्यांच्याकडे आधीच दहा वह्या असतात. गावात रोज फिरणारा, सगळ्यांकडे जाणं-येणं असलेला सभासद निवडा. रकाने असे आखा:

१. पूर्ण नाव (घरचे लिहितात तसं)
२. लोक ज्या नावानं ओळखत ते नाव
३. सभासद क्रमांक, घर किंवा वाडी
४. निधनाची तारीख आणि वय
५. ही माहिती घरातल्या कुणी दिली
६. नावाआधी काय लावायचं
७. नाव सभेत वाचलं त्याची तारीख

दुसरा रकाना बहुतेक वह्यांत नसतो आणि त्यामुळे मोठा घोळ होतो. पन्नास वर्षं सगळे ज्यांना ‘नाना’ म्हणत आले, त्यांचं दप्तरातलं नाव निम्म्या गावाला माहीत नसतं. सभेत नुसतं दप्तरी नाव वाचलं तर लोक एकमेकांकडे बघतात, “हे कोण?” आणि घरी गेल्यावर कळतं की नानांचं नाव घेतलंच नाही असं वाटलं होतं. सातवा रकाना यासाठी, की तेच नाव दुसऱ्या वर्षी पुन्हा वाचलं जाऊ नये.

कोणाची नोंद घ्यायची हे कार्यकारिणीनं आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. सोसायटीत सभासदाची आई सभासद नसते, पण तीस वर्षं सगळ्या जिन्यानं तिच्या हातचं लोणचं खाल्लेलं असतं. रखवालदार, सफाई कामगार, जुना भाडेकरू यांचंही तसंच. तीन गट करा: सभासद; सभासदांचे कुटुंबीय व रहिवासी; कर्मचारी. प्रत्येक वेळी नव्यानं वाद घालत बसलात, तर ज्यांच्या घरचं कुणी भांडायला येत नाही तीच नावं गळतात.

तपासा: संघाच्या सभासदांनी नेत्रदानाचा संकल्प केला असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची नावं आणि जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी लिहून ठेवा. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं, तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.

## टप्पा २: बातमी आल्यावरचा निरोप

बातमी दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय गटावर टाकू नका: एक घरातलं माणूस, दुसरा शेजारी. एकाच नावाचे दोघे प्रत्येक गावात असतात. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेल्याचे प्रसंग याच आडनाव-साधर्म्यामुळे घडतात, आणि ती चूक नंतर कितीही माफी मागितली तरी विनोद म्हणून वर्षानुवर्षं सांगितली जाते.

निरोपात एवढंच असावं: पूर्ण नाव आणि ओळखीचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण, निधन कधी झालं, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता निघणार, अंत्यविधी कुठल्या स्मशानभूमीत, दफनभूमीत वा कब्रस्तानात, आणि घरच्यांनी सांगितलेला एकच संपर्क. देहदान असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर लोक स्मशानात जाऊन थांबतात.

तीन चुका सारख्या होतात.

पहिली, ‘आज’ आणि ‘उद्या’ लिहिणं. निरोप पुढे जात राहतो. रात्री अकराला लिहिलेलं ‘उद्या सकाळी’ दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला मिळालं की तो तिसऱ्या दिवशी येतो. तारीख आणि वार लिहा.

दुसरी, नुसतं ‘१० वाजता’ लिहिणं. दहाला घरून निघणार की दहाला स्मशानात पोचणार? शहरात या दोहोंत तासाचं अंतर पडतं.

तिसरी, निरोपाखाली दीडशे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडलेली चित्रं. त्यात वेळ बदलल्याचा निरोप बुडून जातो. गटाच्या प्रमुखानं अंत्यविधी होईपर्यंत फक्त स्वतःला लिहिता येईल अशी सोय करून ठेवावी. रुसवे येतील, येऊ द्या.

मृत्यूचं कारण लिहू नका. आत्महत्या, अपघात, व्यसन, कुठलंही असो. घरच्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

## टप्पा ३: घरच्यांकडून माहिती घेणं

नाव, फोटो, नावाआधीची उपाधी ही माहिती पहिल्या आठवड्यात मागायला जाऊ नका. हिंदू घरात दशक्रिया आणि तेराव्यानंतर जा. मुस्लिम कुटुंबात चाळिसाव्यापर्यंत थांबावं का, ख्रिस्ती कुटुंबात महिन्याची मिस्सा होऊ द्यावी का, बौद्ध कुटुंबात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी आहे, हे जवळच्या नातेवाइकाला विचारा. दोघांनी जावं. त्यातली एक बाई असेल तर उत्तम, कारण घरातल्या बायकांकडून मिळणारी माहिती जास्त अचूक असते.

विचारायचं ते असं:

* नाव कसं लिहू? (कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.)
* सभेत नाव घेतलेलं चालेल का? फोटो लावलेला चालेल का?
* नावाआधी काय लावायचं?
* सभेला घरचं कोण येणार?

दुसऱ्या प्रश्नाला ‘नको’ असं उत्तर आलं तर कारण विचारू नका. वहीत लिहा आणि तसंच वागा.

सावधान: याच भेटीत भागपत्र हस्तांतरण, वारस नोंद, थकलेलं देखभाल शुल्क असले विषय काढायचे नाहीत. ‘आलोच आहे तर’ म्हणून काढलेला कागद घरचे विसरत नाहीत. त्या कामासाठी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाला पाठवा.

## टप्पा ४: यादी

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश.

### कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत

सहकारी संस्थेचं अहवाल साल १ एप्रिल ते ३१ मार्च. वार्षिक सभा मात्र ३० सप्टेंबरपर्यंत कधीही होते. पुष्कळ सचिव हिशेबाप्रमाणे श्रद्धांजलीची यादीही ३१ मार्चला बंद करतात. मग जूनमध्ये गेलेल्या सभासदाचं नाव सप्टेंबरच्या सभेत येत नाही. ते पुढच्या सप्टेंबरला, सव्वा वर्षानं येतं. घरचे वर्षश्राद्ध करून मोकळे झालेले असतात.

नियम साधा ठेवा: मागच्या सभेच्या दुसऱ्या दिवसापासून या सभेच्या सकाळपर्यंत. आर्थिक वर्षाशी या यादीचा संबंध नाही.

आणखी एक अडचण छापील अहवालाची. गृहनिर्माण सोसायटीत वार्षिक सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि अहवाल तिच्यासोबत जातो, म्हणजे छपाई त्याही आधी. छापखान्यात गेलेली यादी तिथेच थांबते, माणसं जायची थांबत नाहीत. अहवालात यादीखाली ‘दि. … पर्यंतच्या नोंदीनुसार’ असं छापा आणि सभेच्या दिवशी पुरवणी यादी हातात ठेवा. वाचणाऱ्यानं दोन्ही याद्या सलग वाचाव्यात. “आणि अहवालात राहून गेलेली काही नावं” असं म्हणू नये. ती राहून गेलेली नसतात, नंतर गेलेली असतात.

### क्रम

निधनाच्या तारखेनं लावा. मानानं लावू नका. माजी अध्यक्ष वर आणि चतुर्थ श्रेणी कर्मचारी खाली, हा क्रम कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना कळतो. अकारविल्हेही चालते, फक्त ती आडनावानं की नावानं हे दर वर्षी बदलू नका.

देशातले मोठे नेते, कलावंत, जवान यांना आदरांजली वाहायची असेल तर ती वेगळ्या, एका वाक्याच्या परिच्छेदात, आपल्या यादीनंतर. सध्या उलट चालतं. सुरुवातीची पाच मिनिटं वर्तमानपत्रांत येऊन गेलेल्या नावांवर जातात आणि ज्यांच्यासोबत रोज सकाळी कट्ट्यावर बसत होतो ते ‘ज्ञात-अज्ञात सभासद’ या दोन शब्दांत आटोपतात. ‘ज्ञात-अज्ञात’ हा शब्दच यादीतून काढून टाका. आपल्या संस्थेचा सभासद आपल्याला अज्ञात कसा?

### नावाआधी काय

सरसकट ‘कै.’ लावणं ही दुसरी मोठी चूक. कैलासवासी हा शब्द प्रत्येक घराला चालत नाही. प्रचारात असलेले शब्द असे: वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’. बौद्ध घरात ‘कालकथित’. मुस्लिम घरात ‘मरहूम’ किंवा ‘पैगंबरवासी’. ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’. मिश्र यादीत प्रत्येकाला वेगळं लावण्यापेक्षा सगळ्यांना ‘दिवंगत’ हा एकच शब्द वापरणं सुरक्षित. घरच्यांनी वेगळा शब्द आग्रहानं सांगितला असेल तर तोच लावा.

विधवा बाईंच्या नावाआधी ‘गं. भा.’ लावण्याची जुनी पद्धत अजून काही अहवालांत दिसते. घरचे स्वतः म्हणत नसतील तर लावू नका. ‘श्रीमती’ पुरे. आणि बाईंचं स्वतःचं नाव लिहा. ‘अमुक यांच्या पत्नी’ एवढंच लिहिलेली नोंद अर्धवट समजा.

तपासा: तयार यादी तीन माणसांना वेगवेगळी दाखवा: एक जुना सभासद, एक वेगळ्या वाडीतला किंवा इमारतीतला, एक संस्थेचा कर्मचारी. तिघांपैकी एकाला तरी सुटलेलं नाव आठवतंच.

## टप्पा ५: शोकप्रस्ताव लिहिणं

शोकप्रस्ताव आधी लिहून काढा. अध्यक्षांच्या आयत्या वेळच्या भाषणावर सोडू नका. साच्यासाठी हा मसुदा:

> “मागील वार्षिक सभेनंतर आजपर्यंत संस्थेचे पुढील सभासद, सभासदांचे कुटुंबीय व कर्मचारी यांचे निधन झाले. (नावे) या सर्वांच्या जाण्याने संस्थेने आपली माणसे गमावली आहेत. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात संस्था सहभागी आहे. ही सभा त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करते.”

यात ‘आत्म्यास चिरशांती लाभो’ मुद्दाम नाही. आत्मा ही कल्पना बौद्ध घराला मान्य नसते, इतरांच्या प्रार्थना वेगळ्या असतात. ‘स्मृतीस अभिवादन’ सगळ्यांना चालतं. एकाच व्यक्तीसाठी, घरच्यांच्या श्रद्धेप्रमाणे शोकसभा असेल तर वेगळं लिहायला हरकत नाही.

हा ठराव अध्यक्षांनी स्वतः मांडायचा असतो. सूचक-अनुमोदक विचारू नका, हात वर करून मत घेऊ नका. आणि ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून टाळ्या तर नकोतच. हसू नका, सवयीनं वाजतात.

शुद्धलेखन फलक रंगवायला देण्याआधी तपासा. नेमके हेच शब्द चुकतात: श्रद्धांजली (शेवटची ली दीर्घ), दुःखद (विसर्ग हवा, इंग्रजीतलं विरामचिन्ह नव्हे), अंत्यविधी (‘अंतविधी’ नव्हे), स्मृती दीर्घ पण स्मृतिदिन ऱ्हस्व, कुटुंबीय, शोकाकुल. ‘दिवंगत’मधल्या दि वर दुसरी वेलांटी चढलेली अनेक फलकांवर दिसते.

## टप्पा ६: फोटो, हार, मांडणी

यादीत पाचपेक्षा जास्त नावं असतील तर फोटो लावूच नका. एकाचा स्टुडिओतला रंगीत, दुसऱ्याचा आधार कार्डावरून मोठा केलेला, तिसऱ्याचा मिळालाच नाही, ही रांग वाईट दिसते. पांढऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत सगळ्यांची नावं लिहिलेला एक फलक, त्याच्यासमोर फुलांचं तबक आणि समई, एवढं पुरेसं आहे.

एकाच व्यक्तीची शोकसभा असेल तर फोटो हवाच. १० बाय १२ इंच आकारासाठी मूळ चित्र निदान १५०० बाय १८०० पिक्सेलचं असावं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो घ्यायचा तर काचेतून काढून सावलीत घ्या, नाहीतर कपाळावर ट्यूबलाइटची चमक येते. चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी कुठलीही करामत फोटोवाल्याला करू देऊ नका. कुठला फोटो, हे घरच्यांनी ठरवायचं.

हाराचं माप फुलवाल्याला अंदाजानं सांगू नका. चौकटीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा धरून बेरीज करा: १२ बाय १८ इंचाच्या चौकटीला १८ + १२ + १८ म्हणजे ४८ इंच, चार फूट. वर झोकासाठी अर्धा फूट. याहून लांब हार फोटोखाली लोळतो, आखूड हार चेहऱ्यावर येतो. हार एकच. पदाधिकाऱ्यांपैकी प्रत्येकानं आपला हार आणला की शेवटी फोटो दिसेनासा होतो. बाकीच्यांनी सुटी फुलं वाहावीत. पन्नास माणसांना अर्धा किलो सुटी शेवंती किंवा गुलाबपाकळ्या पुरतात.

पंखा समईवर आणि फोटोवर येणार नाही असा बघा. टेबलाला पांढरी चादर, मागून टेकू. फोटो नुसता उभा ठेवला तर पहिला वाकणारा माणूस तो पाडतो.

फ्लेक्स शक्यतो नकोच. लावलाच तर त्यावर गेलेल्या माणसाखेरीज कुणाचाही चेहरा नको.

सावधान: एकट्याची शोकसभा दहा-तेरा दिवसांच्या आत असेल तर जागा देवळाच्या सभामंडपात ठेवू नका. घरच्यांना सुतक असतं, ते देवळात पाऊल टाकत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी सभा तेच बाहेर उभे राहतात. शाळा, समाजमंदिर, सोसायटीचा तळमजला बघा. वारही घरच्यांना विचारून ठरवा.

## टप्पा ७: सभेतला क्रम

वार्षिक सभेत: गणसंख्या पूर्ण झाल्याचं अध्यक्षांनी सांगितलं की लगेच श्रद्धांजली. उशिरा येणाऱ्यांसाठी हा विषय मागे ढकलू नका, आणि गणसंख्येअभावी सभा तहकूब होणार असेल तर त्याआधी उरकूही नका. क्रम: यादीचं वाचन, शोकप्रस्ताव, स्तब्धता. स्वागत, सत्कार, दीपप्रज्वलन हे सगळं नंतर.

वाचनाचा हिशेब आधी करा. नाव, ओळखीचं नाव, वाडी आणि एक श्वास, याला साधारण सहा सेकंद लागतात. चाळीस नावं म्हणजे चार मिनिटं. त्यावर दोन मिनिटं स्तब्धता. सहा मिनिटं उभं राहणं पंच्याहत्तरीच्या माणसाला जड जातं. म्हणून दहाहून जास्त नावं असतील तर वाचन बसून ऐकू द्या आणि स्तब्धतेला उभे करा.

वाचणारा माणूस गावचा हवा. बाहेरगावचा असेल तर आडनावांतले च, ज, झ आणि गावांची नावं त्याच्याकडून आदल्या दिवशी मोठ्यानं वाचून घ्या. घाईत नाव चुकलं तर थांबून नीट पुन्हा वाचावं. चूक गिळून पुढे जाऊ नये.

स्वतंत्र शोकसभेत: फुलं वाहणं, शोकप्रस्ताव, बोलणारे, घरच्यांपैकी कुणी बोलणार असेल तर ते, आणि शेवटी स्तब्धता. बोलणारे पाच, प्रत्येकी चार मिनिटं, हे आधी सांगून ठेवा. सूत्रसंचालकाला दोन वाक्यं मना करा: “आजच्या कार्यक्रमात आपलं स्वागत आहे” आणि “मी सर्वांचे आभार मानतो”. शोकसभेत स्वागत नसतं, आभारही नसतात. स्तब्धता संपली की लोक उठून शांतपणे जातात.

ऐनवेळी आलेल्या पुढाऱ्याला बोलायला द्यावं का? दिवंगताशी त्यांची ओळख होती का, ते घरच्यांना हळूच विचारा. उत्तर तेच ठरवू द्या.

## टप्पा ८: दोन मिनिटं

दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. बहुतेक सभांत ती चाळीस सेकंदांत संपतात, कारण अध्यक्ष मनात मोजतात आणि शांततेत वेळ लांब वाटतो. घड्याळ एका ठरलेल्या माणसाकडे द्या. तो मोबाइलवर वेळ लावेल आणि पूर्ण झाल्यावर अध्यक्षांना खूण करेल. गजर मुका ठेवायचा, हे त्याला वेगळं सांगा.

सुरू करण्याआधी या क्रमानं सांगा: मोबाइल बंद करा, दार लावतोय, ज्यांना उभं राहणं शक्य नाही त्यांनी बसून राहावं, आता दोन मिनिटं. शेवटचं वाक्य सांगितलं की ध्वनिक्षेपकाचं बटण बंद करा, नाहीतर घूं असा आवाज सगळं खातो. चहावाल्याला आणि जेवणाची ताटं लावणाऱ्यांना आधीच थांबवून ठेवा.

संपताना अध्यक्षांनी फक्त “बसावं” म्हणावं. ‘ॐ शांती’ म्हणण्याची सवय असेल तर मिश्र सभेत ती सोडावी. मग निदान दहा सेकंद थांबून पुढचा विषय.

## टप्पा ९: सभेनंतर

इतिवृत्तात ‘श्रद्धांजली वाहण्यात आली’ एवढं लिहून भागत नाही. सगळी नावं लिहा, पुरवणी यादीसकट, आणि ‘सर्व उपस्थितांनी दोन मिनिटे स्तब्धता पाळली’ असं नोंदवा.

आठ दिवसांत प्रत्येक घरी ठरावाची प्रत द्या: संस्थेच्या कागदावर, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीनिशी, त्या एकाच नावाची. सगळी यादी झेरॉक्स करून वाटू नका. पाकीट हातात द्या. देखभाल बिलासोबत पेटीत टाकू नका.

मग कार्यालयातल्या याद्या. बिलांवर वर्षानुवर्षं ‘श्री.’ छापून येत राहतं, सभेची सूचना गेलेल्याच्या नावानं जाते. ज्येष्ठ नागरिक संघात तर महिन्याच्या वाढदिवसांची यादी असते. त्यातून नाव काढायचं राहिलं की गेलेल्या माणसाला गटावर केकचं चित्र जातं आणि ते त्याच्या बायकोच्या मोबाइलवर उघडतं. वाढदिवस, निरोप, बिलं, सूचना या चारही याद्या नोंदवहीशी ताडून बघा आणि ताडल्याची सही करा. वारस नोंद व्हायची असेल तर तोवर बिल ‘दिवंगत (नाव) यांचे कुटुंबीय’ या नावानं काढा.

शेवटी वहीत आजच्या शेवटच्या नावाखाली आडवी रेघ ओढा, रेघेवर सभेची तारीख घाला. पुढच्या यादीचं पहिलं पान त्या रेघेखाली, दुसऱ्या दिवसाच्या तारखेनं सुरू होतं.